बोर्निओतील रात्रफेऱ्या : तिसऱ्या टप्प्याची नोंद

मागील टप्प्याच्या अखेरीस मी तीन कामे ठरवली होती : विजेरीच्या उजेडात कोळ्यांचे डोळे टिपण्याचा सराव करणे, उडत्या सरड्याने गळ्याची पिवळी पाळ उघडलेली असताना त्याचे छायाचित्र घेणे आणि ट्रायलोबाइट भुंग्याची मादी पाहणे. सारावाक राज्यातील बाको आणि कुबाह या राष्ट्रीय उद्यानांत मिळून आठ रात्री काढल्यानंतर पहिले काम जमले, तिसरे जवळजवळ योगायोगाने झाले आणि दुसरे होते तिथेच राहिले.

कोळ्यांच्या डोळ्यांविषयी आधी लिहितो, कारण तिथली माझी चूक अगदी साधी होती. पहिल्या रात्री विजेरी छातीपाशी धरून मी तासभर चाललो आणि मला एकही डोळा दिसला नाही. कोळ्याच्या काही डोळ्यांमागे परावर्तक थर असतो आणि तो आलेला उजेड बराचसा आल्या वाटेनेच परत पाठवतो, त्यामुळे दिव्याचा झोत आणि आपली नजर जवळजवळ एका रेषेत असावी लागते. दुसऱ्या रात्री विजेरी कानशिलाला टेकवली, तेव्हा कालच्याच पायवाटेवर वीस पावलांत अकरा ठिपके मोजले. यांपैकी काही दवाचे थेंब निघाले. आता फरक कळू लागला आहे : दवाचा थेंब पांढरा चमकतो आणि मान थोडी हलवली की त्याची चमक बदलते, तर लांडगा कोळ्याचा डोळा निळसर हिरव्या रंगाने स्थिर जळत राहतो आणि कोळी वळला की एकदम विझतो. चौथ्या रात्री असाच एक ठिपका जवळ जाऊन पाहिला, तर त्याच्याभोवती रांगोळीची पूड सांडावी तसे शेकडो बारीक कण लुकलुकत होते. ती पिल्ले पाठीवर घेतलेली मादी होती आणि प्रत्येक पिल्लाचे डोळे आपापला उजेड परत पाठवत होते. मी गुडघे टेकताच पाठीवरची दोन-तीन पिल्ले घसरली आणि आईच्या पायावरून पुन्हा वर चढली. (खोलीच्या भिंतीवरचा तळहाताएवढा हंट्समन कोळी मी मोजणीत धरलेला नाही. तो आमचा शेजारी होता.)

बाको हे सारावाकमधील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान १९५७ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २७ चौरस किलोमीटर असले, तरी मुक्कामाच्या इमारतींच्या आसपासच इतके काही दिसते की दूरच्या वाटा मी या वेळी मुद्दाम सोडल्या. पायऱ्यांजवळच्या झुडपात, माझ्या डोक्याच्या उंचीवर, हिरव्या अंगावर आडवे पट्टे असलेली चापड्याची एक मादी बसलेली होती. वहीत मी तिचे नाव सवयीने ट्रॉपिडोलीमस वॅग्लेरी असे लिहिले आणि नंतर खोडले, कारण २००७ च्या वर्गीकरणानंतर बोर्निओतील या सापांना ट्रॉपिडोलीमस सबअ‍ॅन्युलेटस म्हटले जाते. जुन्या पुस्तकावरून ओळख पटवणाऱ्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.

सलग चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी तिला ठरावीक अंतरावरून पाहिले आणि तेवढ्या काळात तिने फांदी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच झुडपात दीड हात खाली बोटाएवढा बारीक नर दिसला. त्याच्या हिरव्या अंगावर लाल-पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती आणि तो तिथे पहिल्यापासून होता की नंतर आला, हे मला सांगता येणार नाही, कारण माझे सारे लक्ष मादीकडे होते. त्याच दुपारी जोराची सर येऊन गेली. तिच्या वेटोळ्यांच्या खोलगट भागांत पाणी साचले होते. तिने डोके सावकाश खाली आणले, जबडा वेटोळ्याला टेकवला आणि पुढची काही मिनिटे ती स्वतःच्याच अंगावरचे पाणी पीत राहिली. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला उष्णता ओळखणारा खळगा त्या स्थितीत इतका स्पष्ट दिसत होता की दिवसभराच्या छायाचित्रांत तेच एक चित्र मी ठेवले आहे. नवीन प्रजातींच्या मागे धावलो असतो तर हे हुकले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उडत्या सरड्याचे छायाचित्र फसले. लांबलेल्या फासळ्यांवर ताणलेल्या पडद्याच्या आधाराने तो एका खोडावरून दुसऱ्या खोडावर तरंगत गेलेला मी सहा वेळा पाहिला. गळ्याची पाळ मात्र तो क्षणभरच उघडतो आणि तेवढ्यात खोडाच्या पलीकडे सरकतो. त्यातच पहिल्या सकाळी वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणल्यामुळे भिंगावर वाफ धरली आणि अर्धा तास वाया गेला. आता कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच बाहेर आणतो आणि तो बाहेरच्या हवेइतका उबदार झाल्यावरच पिशवी उघडतो.

कुबाहमध्ये वनरक्षकासोबतच्या दुसऱ्या फेरीत मी कुजक्या ओंडक्यावर बेडूक शोधत होतो. ओंडक्याची साल निघाली आहे असे समजून तिच्यावर उजेड टाकला आणि साल हलली. ट्रायलोबाइट भुंगा! पुढे ढालीसारखे रुंद कवच, मागे काठावर नारिंगी टोके असलेले खंड आणि कवचाखाली कासवासारखे आत ओढून घेतलेले इवलेसे डोके. पट्टीने मोजलेली लांबी ५ सेंटिमीटर भरली. या गटात मादी प्रौढ झाली तरी अळीच्याच रूपात राहते, नराला मात्र पंख फुटतात आणि तो जेमतेम सेंटिमीटरभराचा साधा भुंगा असतो, त्यामुळे हे दोघे एकाच जातीचे आहेत हे अभ्यासकांच्या ध्यानात येण्यास फार काळ लागला. सारावाक संग्रहालयाचे अभिरक्षक राहिलेले स्वीडिश संशोधक एरिक म्यॉबेर्ग यांनी १९२५ मध्ये नराची ओळख पटल्याचे प्रसिद्ध केले. माझा नमुना मी केवळ आकारावरून मादी धरला आहे. तो पूर्ण वाढलेला होता की अजून अळीच होती, हे नुसत्या नजरेने ठरत नाही आणि वहीतही मी तसेच लिहिले आहे.

पुढच्या रात्री त्याच ओंडक्याकडे परतलो, तेव्हा ती आदल्या जागेपासून अंदाजे वीतभर सरकलेली होती. तिसऱ्या रात्री आणखी चार बोटे. ओंडका उलटून खालची बाजू पाहण्याचा मोह झाला होता, पण कुजके लाकूड एकदा उलटले की खालचा ओलावा पूर्ववत होत नाही, म्हणून मी विजेरी मंद करून तिथेच बसलो. पाऊण तासात तिने एकदाच डोके बाहेर काढले.