काय लावलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: काही नाही लावलं.

हे उत्तर कुणालाच आवडत नाही. माझे केस किती विरळ झाले होते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना आताची वेणी बघून वाटतं की हिच्याकडे काहीतरी गुपित आहे आणि ही सांगत नाहीये. एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "तेल कुठलं ते मला एकटीला सांग." तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

मला दहा दिवस ताप होता, १०३-१०४ असा. तो उतरला, अशक्तपणा गेला, मी कामाला लागले आणि ताप विसरूनही गेले. जवळजवळ तीन महिन्यांनी एका सकाळी केस धुताना हाताला नुसते केस यायला लागले. बोटांत, पाठीवर, मोरीच्या जाळीवर. एरवी विंचरल्यावर बोटाभोवती गुंडाळून टाकण्याइतकं गुंतवळ निघायचं, ते आता मूठभर निघू लागलं. रोज. मी शाम्पू बदलला, पाण्याला दोष दिला, उशीचा अभ्रासुद्धा बदलला. तापावर संशय आलाच नाही, कारण तो केव्हाच जुना झाला होता.

हिशेब असा आहे. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. त्यातले दहातले आठ-नऊ वाढत असतात, आणि एकेक केस २ ते ६ वर्षं वाढतो. उरलेले विसावलेले असतात. तीनेक महिने तसेच बसून राहतात, मग गळतात आणि त्याच जागेतून नवा केस उगवतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं ही नेहमीची उलाढाल. पण जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, असा काही दणका बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात. आणि ते लगेच गळत नाहीत, हीच खरी गंमत. दोन-तीन महिने जागच्या जागी राहून मग सगळे मिळून निघतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं.

म्हणजे मी ज्या आठवड्यात शाम्पूला शिव्या घालत होते, तेव्हा बिघडायचं ते बिघडून तीन महिने उलटले होते.

गळलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो, मोहरीहूनही लहान. तो बघून "मुळासकट गेला" म्हणत मी रडले होते. तो फक्त विसावलेल्या केसाचा बुडखा असतो. केस तयार करणारी पिशवी टाळूतच शाबूत असते आणि बहुधा तोवर तिने पुढचं काम सुरूही केलेलं असतं.

त्या दिवसांत मी एक मूर्खपणा केला. गळलेले केस बघवत नाहीत म्हणून धुणंच टाळायला लागले. दोन आठवड्यांनी धुतले तेव्हा दोन आठवड्यांचे साठलेले केस एकदम हातात आले आणि मी पुन्हा घाबरले. निघायचा तो केस निघतोच, धुवा नाहीतर नका धुऊ.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिमटीत ५०-६० केस धरून हलकेच ओढले. सात-आठ त्यांच्या हातात आले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" तिथे मला ताप आठवला. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ठीक होतं, थायरॉइडही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ११ निघाला. हिमोग्लोबिन चांगलं असूनही हा साठा रिकामा असू शकतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तेव्हा लावलं काही नसलं तरी लोहाच्या गोळ्या घेतल्या, चार महिने, चहाच्या वेळा टाळून. कमी निघालं म्हणून घेतल्या. उगाच घेतलेलं लोह अंगात साचतं, म्हणून माझ्याकडून गोळीचं नाव नेऊ नका.

बायोटिन, म्हणजे केसांसाठी म्हणून घेतात ते ब गटातलं जीवनसत्त्व, मैत्रिणीने आधीच हातात ठेवलं होतं. रक्त तपासायच्या आधी काही दिवस ते डॉक्टरांनी बंद करायला लावलं, कारण त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. जीवनसत्त्व अ किंवा सेलेनियम हे खनिज प्रमाणाबाहेर गेलं तर त्यानेच केस गळतात. केसांच्या गोळ्यांच्या डब्यांवर दाट केसांचा फोटो असतो, हे मात्र नसतं.

आता दाटपणाचं. गळणं सहाव्या महिन्याच्या आसपास थांबलं आणि मी हुश्श केलं. आरशात मात्र काहीच फरक नव्हता. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. माझे केस होते ४० सेंटीमीटरचे. तेवढी लांबी नव्या केसाने गाठायची तर तीन वर्षांच्या वर लागणार. वेणीवरचं रबर पूर्वी दोन वेढ्यांत घट्ट बसायचं, ते चार वेढे घेऊ लागलं होतं. खालच्या वीतभर शेपटाला तर उंदराची शेपटी म्हणणंही जास्तच झालं असतं. ती वीत मी कापून टाकली. कापल्याने केस दाट उगवत नाहीत (टक्कल केल्यानेही नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून जाड लागतं एवढंच), पण विरळ भाग गेल्याने उरलेला भरलेला दिसतो.

मग भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळावर बोटभर केस उभे राहिलेले दिसू लागले. बहीण म्हणाली, "तुटतायत गं तुझे, तेल लाव." मी खिडकीशी जाऊन एकेक बघितला. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं. हे सगळे टोकाला निमुळते होते, नव्या पेन्सिलीसारखे. तेल मी अधूनमधून लावतेच, केस कमी गुंततात, कमी तुटतात. उगवायला त्याची गरज नव्हती.

हे सगळ्यांना लागू नाही. माझ्या मावसबहिणीचं गुंतवळ कधीच वाढलं नाही, फक्त भांग दरवर्षी थोडा रुंद होत गेला आणि तिथले केस बारीक होत गेले. तो वेगळा प्रकार आहे आणि तो वाट बघून सुधारत नाही. ती मिनॉक्सिडिल लावते. ते मुळात रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा ते टाळूवर आलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे त्यानेच जास्त केस गळतात, आणि तिथेच बरेचजण घाबरून सोडतात. फरक दिसायला चार-सहा महिने जातात. सोडलं की मिळालेलं हळूहळू जातं. गरोदरपणात ते वापरायचं नसतं. तेव्हा भांग रुंद होतोय, नाण्याएवढी चकती पडलीय किंवा गळणं सहा महिन्यांनीही थांबत नाहीये, तर मला विचारण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

ताप येऊन गेल्याला सव्वा वर्ष झालं तेव्हा केस कापायला गेले होते. नवे केस तोवर नाकाच्या आसपास आले होते, सगळे जवळपास एकाच लांबीचे. कापणाऱ्या बाईंनी ते बोटांत उचलून निरखले आणि विचारलं, "हे लेअर्स कुणी कापलेत? छान बसलेत."

रबर सध्या तीन वेढे घेतं, तिसरा ओढून.