‘झोप लागली का?’ – संमोहन उपचारांचा माझा अनुभव

पोटाचं दुखणं पाच वर्षांचं. ऑफिसला निघायची वेळ झाली की मुरडा आलाच. तपासण्यांत काही सापडेना, डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्यांत दोष दिसत नसूनही पोट दुखण्याचा आणि शौचाच्या तक्रारींचा विकार, ठरवलं आणि औषधांबरोबर संमोहनही करून बघा म्हणाले.

अडलं ते पहिल्या केंद्रात. पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘संमोहन निद्रा’. मी आडवी पडायचे, ते गृहस्थ वीसपासून उलटे आकडे म्हणायचे आणि मी झोपेची वाट बघायचे. खालून भंगारवाला ओरडत जायचा, तोही स्पष्ट ऐकू यायचा. शेवटी प्रश्न ठरलेला, “झोप लागली का?” नाही म्हटलं की वहीत फुली. “ताई, तुम्ही मन मोकळं सोडत नाही.” आठ आठवडे, आठ फुल्या, पैसे आगाऊ भरलेले. आपल्याच मनात काही खोट आहे असं वाटून घरी येऊन रडायचे. ती वही आठवली की आजही संताप होतो.

दुसऱ्या मानसतज्ज्ञ बाईंनी आधीच सांगितलं: झोपायचं नाहीच. सगळं ऐकू येईल, नको वाटलं तर उठून बसा. मग मी वाचलं. ग्रीक ‘हिप्नोस’ म्हणजे झोप. त्यावरून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने. पण १८४७ मध्ये त्यानेच ‘मोनोआयडिइझम’, म्हणजे मन एकाच कल्पनेवर एकवटणं, हा शब्द सुचवला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्याला झोप हा शब्द खटकला, तो आमच्या पत्रकावर अजून होताच!

आयबीएसवरच्या संमोहनाची गाजलेली चाचणीही मँचेस्टरचीच, पीटर व्हॉरवेल यांची, १९८४ सालची, ३० रुग्णांवर.

तळहात पोटावर ठेवायचा, ऊब आत उतरू द्यायची, आतडी संथ वाहत्या पाण्यासारखी चालताहेत असं मनात आणायचं. मी वाईचा कृष्णेचा घाट आणायचे. चौथ्या वेळी भंगारवाला येऊन गेला तो मला नंतर आठवला. बाई म्हणाल्या, “हेच ते.” घरी रोज रेकॉर्डिंग ऐकलं, बारा सत्रं झाली. मुरडा अधूनमधून येतो, पण आता बस चुकत नाही.

हो, एक राहिलंच: शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल तर आधी पोटाचे डॉक्टर. मानसतज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही बघा. आणि फोनवरच विचारा, “झोप लागेल का?” हो म्हणाले तर पैसे भरू नका.