आईला घेऊन केंब्रिजची खाऊफेरी

आई-बाबा वाईहून पहिल्यांदा माझ्याकडे इंग्लंडला आले, तेव्हा बाबांची मागणी एकच होती. लंडन नाही दाखवलंस तरी चालेल, पण केंब्रिजला ने. बाबांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. कोकणातल्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हे आम्ही भावंडांनी पाढ्यांच्या बरोबरीने ऐकलेलं. आईची मागणी काहीच नव्हती, आणि मला काळजी होती ती तिचीच.

ती मांस-मासे खात नाही, अंडंही नाही. आल्यापासून आम्ही जिथे जिथे फिरायला गेलो तिथे तिने दोन केळी आणि कॉफीवर दिवस काढला होता. विचारलं की ‘मला भूक नाही गं.’ घरी परतल्यावर रात्री नऊ वाजता दहीभात. आई एखादं गाव बघते ते तिथल्या खाण्यातून. नरसोबाच्या वाडीची बासुंदी, पंढरपूरचे चुरमुरे, गोकाकचा करदंट, अशी तिची गावं. तिने विलायतेत फक्त दगडी इमारती बघून परत जावं, हे मला पटेना. म्हणून केंब्रिजमध्ये पायी खाऊफेरी करायची ठरवली.

पहिला प्रयत्न फसला. एका कंपनीची गटाची फेरी होती. ‘शाकाहारी चालेल का?’ विचारलं, एका ओळीत ‘हो’ असं उत्तर आलं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पाच थांब्यांपैकी तीन ठिकाणी आईला तीच कोशिंबीर आणि तेच बटाटे मिळणार, शिवाय गटाच्या चालीने चालावं लागणार. आईचा उजवा गुडघा दुखतो. ते रद्द केलं आणि खासगी फेऱ्या करणाऱ्या एका बाईंना लिहिलं. पैसे जवळजवळ दुप्पट पडले. तरीही मी म्हणेन, की घरात वेगवेगळ्या पथ्यांची माणसं असतील तर खासगी फेरीच घ्यावी. ती चैन नाही. आपण पैसे देतो ते कोणीतरी आपल्यासाठी आधी चार दुकानांत जाऊन विचारून यावं, याचे.

पण त्या बाईंनी नेमकं काय विचारायचं, हे आपल्यालाच सांगावं लागतं. ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरत नाही. इथल्या शाकाहारात अंडं धरलेलंच असतं. मैत्रीण म्हणाली, सरळ ‘व्हीगन’ लिहून टाक, कटकट नको. तसं मी मुद्दाम केलं नाही, कारण मग दूध, लोणी, साय, चीज सगळंच गेलं असतं, आणि इंग्लंडात आईला मनापासून आवडेल असं जे काही आहे ते दुधाचंच आहे. मी यादी केली. मांस, मासे, अंडं नाही. जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ, नाही. प्राण्याच्या चरबीत तळलेलं नाही. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, नको. पुडिंगमध्ये स्युएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, नको. दूध, लोणी, साय, मध सगळं चालतं. मसाला चालतो, आवडतो.

ही यादी करताना एक गोष्ट नीट कळली, आणि आई-वडिलांना इकडे आणणाऱ्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये खाद्यविक्रेत्याला चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते, आणि त्या चौदांत अंडं आहे, मासेही आहेत. त्यामुळे ‘यात अंडं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही टपरीवर मिळायला हवं. मागायला लाजू नये. पण जिलेटिन, रेनेट, चरबी त्या यादीत नाहीत. ते तुम्ही विचारलंत तरच कळणार. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. पार्मेझान चीजमध्ये वासराचं रेनेट असतंच. उलट इथली पुष्कळ चेडर चीज बिनप्राणिज रेनेटची असतात आणि वेष्टणावर तसं लिहिलेलंही असतं. गाइडबाईंनी यादी वाचून दोन दिवसांनी फोन केला आणि प्रत्येक दुकानात काय विचारलं, काय उत्तर मिळालं, ते सगळं सांगितलं. त्याच क्षणी माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

तारीख सप्टेंबरची धरली. एप्रिल-मे-जूनमध्ये परीक्षांमुळे बरीच कॉलेजं बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून जलद गाडीने तासाच्या आत केंब्रिज येतं. स्टेशन मात्र गावापासून लांब आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथूनच बस घ्यावी, चालणं पुढे राखून ठेवावं.

सुरुवात ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर झाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना उघडे पाट वाहतात. आईची नजर आधी त्या पाण्याकडे गेली. गावाबाहेरच्या झऱ्यांचं पाणी १६१० ते १६१४ या काळात खोदलेल्या हॉबसन्स कॉन्ड्युटमधून गावात आणलं, त्याचीच ही शेवटची पावलं. ज्याच्या नावाने हा पाट आहे तो हॉबसन घोडे भाड्याने द्यायचा. दाराजवळचा असेल तोच घोडा घ्या, नाहीतर राहू द्या, असा त्याचा खाक्या.

तिथेच ‘फिट्झबिलीज’ ही शंभर वर्षांहून जुनी बेकरी आहे. तिथला चेल्सी बन प्रसिद्ध: कणकेची गुंडाळी, आत दालचिनी आणि मनुका, वरून पाक इतका की बोटं चिकटतात. चेल्सी बनच्या पिठात सहसा अंडं असतं, म्हणून आईच्या यादीतून तो आधीच बाद होता. बाबांना केकमधलं अंडं चालतं. पण ते काउंटरपुढे उभे राहिले, बनकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, ‘बांधून द्या.’ आई म्हणाली, ‘अहो, खा की, माझं काय त्यात.’ त्यांनी ऐकलं नाही. तो खोका दिवसभर त्यांच्या पिशवीत होता.

किंग्ज परेडवर आम्ही फार वेळ थांबलो नाही. किंग्ज कॉलेजचं चॅपल सुंदर आहे, १४४६ ते १५१५ अशी जवळजवळ सत्तर वर्षं ते बांधत होते. बाबांना मात्र आमच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर याच किंग्ज कॉलेजचे फेलो होते, हे जास्त महत्त्वाचं वाटलं. पुढे बेनेट स्ट्रीटवर ‘ईगल’ नावाचा पब. २८ फेब्रुवारी १९५३ ला दुपारच्या जेवणाच्या वेळी फ्रान्सिस क्रिकने इथे येऊन जीवनाचं रहस्य सापडल्याचं सांगितलं. ते रहस्य म्हणजे डीएनएची रचना. आईचं लक्ष नव्हतं, तिला भूक लागली होती.

एके ठिकाणी बेत बिनसला. आईसाठी चिप्स ठरलेल्या, पण त्या दिवशी तळणीचं तेल माशांसाठीही तेच वापरत होते. गाइडबाईंनी आम्ही बसायच्या आधीच पुन्हा विचारलं म्हणून कळलं. आम्ही उठलो आणि सरळ बाजारात गेलो.

तो चौक मला केंब्रिजमध्ये सर्वांत आवडला. मध्ययुगापासून इथे बाजार भरतो आहे. दगडी फरशी, पट्ट्यापट्ट्यांची छपरं, भाजी, पाव, चीज, जगभरचं गरम खाणं. आईला फलाफल मिळालं, समोर तळलेलं, वेगळ्या कढईत. तिने एक तोडून आतला हिरवा रंग बघितला, म्हणाली, ‘कोथिंबीर आहे. डाळवड्याच्या नात्यातलं आहे हे,’ आणि तीन खाल्ली. मग चीज. दीड वर्ष मुरवलेलं चेडर तिने जिभेवर बराच वेळ ठेवलं आणि आणखी मागितलं. निळ्या बुरशीचं मात्र वासावरूनच परत केलं.

गाइडबाईंनी इथे जे सांगितलं ते आई अजून सगळ्यांना सांगते. पूर्वी या बाजारात लोणी वजनावर नाही, वारावर, म्हणजे यार्डात मोजून विकायचे. वारभर लांब, बोटाएवढ्या जाडीची लोण्याची वळी. कॉलेजच्या भटारखान्यात तिचे सारखे तुकडे पाडायचे, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला सारखंच लोणी. आईने लगेच हात लांब करून नाकापासून बोटाच्या टोकापर्यंत वार मोजून दाखवला. गाइडबाई म्हणाल्या, त्यांची आजी कापड असंच मोजायची. दोघी आपापले हात ताणून बाजाराच्या मधोमध उभ्या होत्या.

ट्रिनिटी स्ट्रीटवर बाबांची पाळी आली. ट्रिनिटी कॉलेजच्या मोठ्या दरवाजासमोर, रस्त्याच्या पलीकडे, ह्यूएल्स कोर्ट आहे. गणिती रामानुजन १९१४ साली केंब्रिजला आले आणि तिथे राहिले. ते कडक शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहात जेवत नसत, खोलीत स्वतः रांधत. चिंच आणि खोबरेल तेल मद्रासहून मागवत. बाबांनी गाइडबाईंना रामानुजनांचे केंब्रिजमधले मित्र, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी सांगितलेली आठवण ऐकवली. रामानुजन शेगडीवर भाजी परतत होते आणि महालनोबिसांनी मासिकातलं कोडं वाचून दाखवलं. एका रस्त्यावर ओळीने घरं, १ पासून आकडे. एका घराच्या डावीकडच्या आकड्यांची बेरीज उजवीकडच्या बेरजेइतकी आहे. घरं पन्नासपेक्षा जास्त, पाचशेपेक्षा कमी. रामानुजननी भाजी हलवता हलवताच अशा सगळ्या कोड्यांचं एक उत्तर सांगितलं. बाबांनी आधी सोपं उदाहरण घेतलं: आठ घरं, सहावं घर. एक ते पाच पंधरा, सात आणि आठ पंधरा. मग मूळ उत्तर, २८८ घरांतलं २०४ वं. गाइडबाईंनी वही काढून दोन्ही लिहून घेतली.

आई गप्प होती. तिने हळूच विचारलं, ‘सगळी पोरं खाली एकत्र जेवायची, आणि हा वर एकटाच?’

बाबा म्हणाले, कधी कधी मित्रांना जेवायला बोलावत असत. एकदा वाढलेलं रसम पाहुण्यांनी आणखी घेतलं नाही, तर रामानुजनच खोलीतून निघून गेले. आई म्हणाली, ‘जाणारच. परक्या गावात एवढं राबून केलेलं.’ पुढे महायुद्धाची टंचाई आली, १९१७ मध्ये ते आजारी पडले, १९१९ ला परतले आणि १९२० साली गेले. हे तिने विचारलं म्हणून बाबांनी सांगितलं. तिने त्या दाराकडे पाहून हात जोडले.

शेवटचा थांबा चहाचा. बिनअंड्याचे स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, गाइडबाईंनी आदल्या दिवशी सांगून ठेवले होते. सोबत मुरंबा आणि क्लॉटेड क्रीम. क्रीमची वाटी बघताच आई म्हणाली, ‘ही साय आहे. म्हशीच्या दुधाची असावी अशी.’ गाईची आहे म्हटल्यावर तिला खरं वाटेना. मग तिने पर्समधून फडक्यात बांधलेल्या दशम्या काढल्या. मला न सांगता सकाळी करून आणल्या होत्या, काही नाही मिळालं तर म्हणून. दुकानात बाहेरचं कसं खायचं म्हणून आम्ही रस्त्यात बाकावर बसलो. गाइडबाईंनी दशमी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि पाण्याऐवजी दुधात पीठ का मळायचं ते विचारून घेतलं. ‘टिकते म्हणून,’ आई म्हणाली, मी भाषांतर केलं.

तीन तासांचे साडेचार झाले. चाललो असू जेमतेम दोन किलोमीटर.

चेल्सी बन बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खाल्ला. आईने तो स्वतः गरम करून दिला. तवा मात्र माझा अंड्याचा, वेगळा ठेवलेला, तो शोधून घेतला.