पिंपातली पाणबुडी

गुरुवारी पाणी बंद म्हणून आम्ही बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवतो, तर या बुधवारी त्या पिंपात पाणबुडी होती आणि आईचा पारा चढलेला.

सुरुवात लेकीच्या प्रश्नाने झाली. लोखंडी जहाज तरंगतं ते कळलं, पण बुडालेलं परत वर कसं येतं? मी आर्किमिडीज काढला तर तिने सरळ जांभई दिली, मग म्हटलं करूनच बघू.

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आडवी धरून तापलेल्या खिळ्याने खाली भोकं पाडली, बोहरी आळीतून १०० ग्रॅम नट आणून पोटाला बांधले, वर सलाइनची नळी, भोवती एमसील, नळीच्या दुसऱ्या टोकाला ५० मिलीची सिरिंज. हवा ओढली की पाणी आत येतं आणि ती बुडते, हवा ढकलली की पाणी बाहेर. कागदावर एकदम सोपं! प्रत्यक्षात हवेचा बुडबुडा पळाला शेपटाकडे, पाणी नाकाकडे, आणि आमची पाणबुडी शीर्षासनात.

तासभर नट इकडेतिकडे सरकवले, काही उपयोग नाही. शेवटी लेकच म्हणाली, बाबा, हवा फुग्यात भर ना, म्हणजे पळणार नाही. (मला का नाही सुचलं!) मग एमसील उकरून काढलं, नळी मधल्या भोकातून आत घालून बाटलीच्या तोंडातून बाहेर काढली, फुगा बांधला, परत आत ओढला. अडकलेली हवा निघायला वरही दोन भोकं पाडली आणि नट दोरीने थोडे खाली लोंबते सोडले. आता सरळ राहते.

गंमत आकड्यांची. १०० ग्रॅम नट स्वतः १३ मिली पाणी बाजूला सारतात, म्हणजे पाण्यात त्यांचं वजन ८७ ग्रॅमच, त्यात बाटलीच्या प्लास्टिकचे पाचेक ग्रॅम धरायचे. म्हणजे ९२ मिलीच्या आसपास हवा गेली की वर यायला हवी, आणि आलीच, दुसरी सिरिंज संपत आली तेव्हा!

पण मध्येच तरंगत ठेवायची म्हटलं तर ते काही जमेना, एक तर तळाला नाहीतर वर. कारण नंतर कळलं. ६० सेंटिमीटर खाली दाब साधारण ६ टक्क्यांनी वाढतो, फुग्यातली हवा तेवढी आवळते, पाचेक ग्रॅमचा आधार जातो, मग अजून खाली, अजून आवळते. वर येताना बरोबर उलटं. खऱ्या पाणबुडीला खोली धरून ठेवायला पाती असतात, पण त्यासाठी ती चालती हवी. आपल्या नौदलाची कलवरी पाणबुडी पाण्यावर असताना साधारण १,६०० टन आणि बुडाल्यावर १,७७५, मधला फरक म्हणजे पोटात घेतलेलं पाणी. हे ऐकताना लेकीने जांभई दिली नाही.

गुरुवारी सकाळी आईने पाण्याचा मग बुडवायच्या आधी गुपचूप सिरिंज दाबली, पाणबुडी वर आली, तिने ती उचलून ओट्यावर ठेवली आणि भांडी घासायला घेतली.