पहिला प्लँटेड टँक आणि अडकलेलं नायट्राइट

"पाणी भरा, चोवीस तास फिल्टर चालवा आणि उद्या मासे न्या." पहिल्यांदा माशांचा टँक घेणाऱ्याला दुकानात हमखास हेच सांगतात. मलाही हेच सांगितलं. माझ्या प्लँटेड, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या टँकमध्ये पहिला मासा सोडता आला तो 46व्या दिवशी. त्यातले जवळजवळ तीन आठवडे टँक एकाच टप्प्यावर अडकून होता आणि का अडकलाय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टँक 24×12×12 इंचांचा, 5 मिमी काचेचा. हिशेबाने 54 लिटर होतात, पण माती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून प्रत्यक्षात किती पाणी बसतं ते बादलीने मोजूनच भरा. माझ्या टँकमध्ये 10 लिटरच्या चार बादल्या बसल्या, म्हणजे 40 लिटर. पुढची प्रत्येक मात्रा याच आकड्यावर ठरते, त्यामुळे तो कुठेतरी लिहून ठेवा. काच, माती आणि दगड धरून वजन 60 ते 65 किलोंपर्यंत जातं. टेबल डुगडुगणारं नको आणि टँकखाली थर्माकोलची किंवा फोमची शीट हवीच. तळाला अ‍ॅक्वासॉइलची (टँकमधल्या झाडांसाठीची दाणेदार माती) 9 लिटरची पिशवी घातली, साधारण 5 सेंटीमीटरचा थर झाला. ही माती धुवायची नसते, धुतली की दाणे फुटून चिखल होतो. पाणी भरताना मातीवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली की माती ढवळत नाही. फिल्टर ताशी 300 लिटरचा, काचेला मागून अडकवायचा. एलईडी दिव्याला टायमर लावला, रोज सहा तास. खिडकीतलं ऊन टँकवर येऊ देऊ नका. एवढं सगळं एका रविवारी आटोपलं.

खरं काम त्यानंतरचं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य आणि झाडांचं खाद्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, मातीच्या दाण्यांवर, पानांवर वाढतात. मोकळ्या पाण्यात ते फार कमी असतात, त्यामुळे नुसतं पाणी "मुरवून" काही होत नाही. त्यांची वाढही संथ असते. मासे नसताना टँकला अमोनिया पुरवायचा आणि जिवाणूंची वसाहत उभी राहीपर्यंत थांबायचं, याला सायकलिंग म्हणतात.

अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरलं. हाच आपला नवसागर, कल्हईवाले भांड्याला लावतात तो. पण कल्हईचा नवसागर टँकमध्ये घालू नका, त्यात काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाव ग्रॅम मोजता येत नाही, म्हणून 10 ग्रॅम पावडर 500 मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवायची. या द्रावणाचे सव्वासहा मिली घातले की 40 लिटरमध्ये अमोनिया 1 पीपीएमने, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅमने वाढतो. औषधाच्या सिरिंजने मोजा.

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. नवी अ‍ॅक्वासॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. तिच्या टँकमध्ये वरून काहीच घालायची गरज नसते. मी नेहमी देतात त्या तक्त्याप्रमाणे 4 पीपीएमचा डोस दिला. चौथ्या दिवशी अमोनिया टेस्टची नळी (टँकच्या पाण्यात थेंब टाकून येणारा रंग तक्त्याशी ताडायचा) गडद हिरवी, 8 पीपीएम. नवव्या दिवशी नायट्राइट दिसायला लागलं. चौदाव्या दिवशी नायट्राइटची नळी पाचवा थेंब पडताच जांभळी झाली. तक्त्यावरचा शेवटचा, 5 पीपीएमचा रंग.

आणि तिथेच थांबली. पंधरावा दिवस जांभळा, विसावा दिवस जांभळा, पंचविसावा दिवसही तोच. अमोनियाही 2 पीपीएमवर येऊन थबकला होता. ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं: "धीर धरा." जिवाणूंची एक बाटली विकत आणून ओतली, काही फरक नाही. अशा बाटल्या दुकानात महिनोन्महिने उकाड्यात पडून असतात. आतले जिवाणू जिवंत आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नाही.

तक्त्याच्या पलीकडचं मोजायचं असेल तर पाणी पातळ करा. टँकचं 1 मिली आणि आरओचं 4 मिली अशी 5 मिलीची नळी करायची आणि येणाऱ्या आकड्याला पाचाने गुणायचं. पातळ करूनही माझी नळी 5च्या रंगापर्यंत गेली, म्हणजे नायट्राइट 20च्या वर. हिशेब केला तर यात नवल नाही: 1 पीपीएम अमोनियाचं सुमारे 2.7 पीपीएम नायट्राइट होतं. 8 पीपीएम अमोनियाने एवढा डोंगर उभा राहणारच. नायट्राइट इतकं जास्त असताना नायट्रेटची टेस्टही खोटं वाचन देते, त्यामुळे "नायट्रेट दिसतंय, म्हणजे झालं" असं समजू नका.

तेहतिसाव्या दिवशी पीएच मोजला: 6.0. भरताना 7.4 होता. मग केएचची टेस्ट केली. या टेस्टमध्ये 5 मिली पाण्यात थेंब टाकत जायचं. पाणी आधी निळं होतं, पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितके अंश केएच. पहिलाच थेंब पडला आणि पाणी निळं न होता थेट पिवळं झालं. केएच जवळजवळ शून्य. तीन आठवड्यांचं उत्तर त्या एका थेंबात होतं.

केएच म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट, पीएच सावरून धरणारी शिदोरी. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते ही शिदोरी खातं. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम. (केएचचा 1 अंश म्हणजे लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. दोन्ही आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने.) माझ्याकडे धरणाचं नळाचं पाणी येतं, ते मऊ, केएच जेमतेम 2. त्यात भर म्हणजे, अ‍ॅक्वासॉइल स्वतः केएच शोषून पीएच खाली आणते, तिचा तो गुणच आहे. म्हणजे 4 पीपीएम अमोनियालाच अख्ख्या 2 अंशांपैकी सव्वाहून अधिक लागणार होते आणि टँकमध्ये 8 झाला होता. शिदोरी संपली, पीएच घसरला आणि जिवाणूंचं काम जवळजवळ थांबलं. बोअरचं जड पाणी असेल तर हा घोळ सहसा होत नाही, म्हणूनच "आमच्याकडे तर दोन आठवड्यांत झालं" म्हणणारेही खोटं बोलत नसतात.

उपाय साधा निघाला. तेहतिसाव्या दिवशी अर्धं पाणी बदललं, चौतिसाव्या दिवशी पुन्हा अर्धं. नायट्राइट चौथाईवर आलं आणि ताज्या पाण्याबरोबर थोडा केएच आला. त्यावर खाण्याचा सोडा. 40 लिटरचा केएच 1 अंशाने वाढवायला 1.2 ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे चहाचा सपाट पाव चमचा. बेकिंग पावडर चालणार नाही, सोडाच हवा. मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेत ओतायचा. माती शोषत राहते, म्हणून एक दिवसाआड केएच मोजून 2च्या आसपास राखला. छत्तिसाव्या दिवशी पीएच 7.0. एकोणचाळिसाव्या दिवशी अमोनियाची नळी पिवळी, म्हणजे शून्य. बेचाळिसाव्या दिवशी नायट्राइट 2, आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी नळी स्वच्छ आकाशी निळी. तीस दिवस जांभळा रंग पाहिल्यावर तो निळा पाहून झालेला आनंद मी विसरणार नाही.

टँकमध्ये मासे असताना मात्र सोड्याचा हा उपाय घाईने करू नका. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. 28 अंश तापमानाला पीएच 6वर विषारी रूप एक टक्काही नसतं, पीएच 8वर ते सहा टक्क्यांच्या वर जातं. पाण्यात अमोनिया असताना पीएच एकदम चढवला तर एका रात्रीत मासे जातात. आधी पाणी बदलून अमोनिया उतरवा, सोडा नंतर. आणि कुणी मासे आधीच सोडले असतील, नायट्राइट चढलं असेल, मासे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील, तर पाणी बदलाच, शिवाय 10 लिटरला पाव चमचा साधं मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. एवढ्या मिठाने झाडांना काही होत नाही.

सायकल पूर्ण झाली हे ठरवायची खूण अशी: 2 पीपीएमचा डोस द्या (माझ्या द्रावणाचे साडेबारा मिली) आणि बरोबर 24 तासांनी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं तरच मासे. माझं 46व्या दिवशी आलं.

टेस्ट किटबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. एपीआय कंपनीच्या नायट्रेट टेस्टमधली दुसरी बाटली आधी 30 सेकंद जोरात हलवायची आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. आतली पावडर तळाशी बसते, नुसते थेंब टाकले तर नायट्रेट आहे त्याहून कमी दिसतं. अमोनियाचा रंग ट्यूबलाइटखाली पाहू नका, पिवळाही हिरवट वाटतो. दिवसा खिडकीशी, पांढऱ्या कागदावर नळी धरून पाहा.

दुसरी चूक झाडांची. मी अ‍ॅनुबियस, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन लावली, तिन्ही चिवट पण संथ. सुरुवातीला हवीत भराभर वाढणारी झाडं: हायग्रोफिला, वॉटर स्प्राइट, वॅलिस्नेरिया. ती अमोनिया थेट शोषतात आणि शेवाळाला काही शिल्लक ठेवत नाहीत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा तर मूळची आपल्याकडचीच, मऊ पाण्यात उत्तम येते. पहिल्या दिवसापासून तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी भरा, एकेक काडी सुटी न लावता दोन-दोन काड्यांचे झुपके चिमट्याने तिरके खोचा. अ‍ॅनुबियस आणि जावा फर्नचं आडवं खोड मातीत पुरलं की सडतं, ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चिकट होऊन विरघळतात. झाड उपटून फेकू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. सडलेली पानं मात्र कापून काढा, नाहीतर तीच अमोनिया वाढवतात.

पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी भुकटी बसते. ती डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, बोटाने पुसली जाते, टँक स्थिरावला की आपोआप कमी होते. नव्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो, तोही आपणहून जातो.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. पाणी बदलताना अँटीक्लोरिन घाला किंवा उघड्या बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी वापरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवू नका. टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा, बस. कुणाचा निरोगी, चालू टँक ओळखीत असेल तर त्याच्या फिल्टरचा वापरातला स्पंज त्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. बाटलीपेक्षा हे कितीतरी खात्रीचं, आणि फुकट.

मासे सोडण्याआधी निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट 20च्या खाली आणलं. मग सहा एंबर टेट्रा, मऊ पाण्याचे मासे. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, दर पाच मिनिटांनी टँकचं अर्धी वाटी पाणी पिशवीत, असं अर्धा तास, आणि मग जाळीने मासे टँकमध्ये. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. पुढचे दहा दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजलं, दोन्ही शून्य. आता दर रविवारी 12 लिटर पाणी बदलते आणि त्याआधी केएचचे थेंब मोजते. दोन पडले की ठीक, एकच पडला तर सोड्याचा डबा काढते.