सलाम फेरल्यानंतर

मे महिन्यात नागपूरच्या मोमिनपुऱ्यातील मशिदीत जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजेला गर्दी होते, त्याचे थोडे श्रेय कूलरलाही द्यायला हवे. अशाच एका दुपारी इमामसाहेबांनी सलाम फेरून नमाज संपवली आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तीनदा ‘अस्तगफिरुल्लाह’, म्हणजे ‘अल्लाहकडे क्षमा मागतो’, असे पुटपुटता पुटपुटता खिशातला मोबाइल चालूही केला. नमाजेनंतरची ही घाई मला पूर्वीपासून सहन होत नाही. त्या दिवशी मात्र चिडचिड लवकर ओसरली आणि एक प्रश्न उरला, की आताच तर एक चांगले काम पुरे झाले होते, मग क्षमा कशाची मागायची?

पैगंबरसाहेब नमाज संपताच तीनदा क्षमा मागत आणि मग ‘अल्लाहुम्म अन्तस्सलाम’ ही छोटी दुआ म्हणत, असे त्यांचे सहकारी सौबान यांनी सांगितल्याची नोंद ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. हजमध्ये मक्केजवळच्या अरफातच्या मैदानातून निघाल्यावर क्षमा मागण्याची आज्ञा कुरआनातल्या सूरह बकरा या अध्यायात आहे. विजय मिळाल्यावर काय करावे हे सांगणारी सूरह नस्र तर जेमतेम ३ आयतींची. तीही मिरवणुकीचे नाव काढीत नाही, स्तुती करा आणि क्षमा मागा, एवढेच म्हणते.

माझे आजोबा मागावर लुगडी विणत. लुगडे उतरले की ते उजेडात धरून काठावरून बोट फिरवीत, आणि गिऱ्हाइकाला जन्मात दिसले नसते असे एखादे सुटलेले सूत त्यांना हमखास सापडे. सलाम फेरल्यावर त्यांचे ओठ हलू लागत, तेव्हाही चेहऱ्यावर तोच शोध असे. पुढे बोटांच्या पेरांवर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर होईपर्यंत आम्ही मुले दस्तरखानाभोवती ताटकळत बसत असू, कारण त्यांच्याआधी घासाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

महाल भागातल्या एका शाळासोबत्याच्या घरी गणपतीच्या पूजेनंतर त्याचे वडील मंत्रहीन, क्रियाहीन, भक्तिहीन पूजेबद्दल देवाची क्षमा मागत, तेव्हा मला मुळीच परके वाटले नाही. तासभर इतकी नेटकी पूजा केलेला माणूस असे का म्हणतो, हे विचारण्याचे वय तेव्हा नव्हते, आणि प्रसादाकडे लक्ष होते हेही खरे.

आमच्या क्षमायाचनेसाठीही क्षमा मागावी लागेल, असे एक वचन बसऱ्याच्या सूफी संत राबिया यांच्या नावावर सांगितले जाते. ते मनावर घेतले तर क्षमा मागणे कधी संपायचेच नाही. पण जोहरच्या फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजेनंतर लगेच सुन्नतीच्या, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या प्रथेनुसारच्या, दोन रकातींसाठी (नमाजेच्या आवर्तनांसाठी) उभे राहायचे असते, त्यामुळे हा विचार फार लांबवताही येत नाही.