द्राक्षांच्या काट्यावर पोलो

नाशिकच्या अंबडला आमचं अलाइनमेंटचं, म्हणजे गाडीच्या चाकांचे कोन जुळवायचं दुकान आहे. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे कंपन्यांतल्या लोकांच्या गाड्या, द्राक्षं-टोमॅटो वाहणारे पिकअप आणि खड्ड्यात रिम वाकवून आलेली मंडळी. ट्रॅकवर पळवायच्या गाड्या क्वचितच येतात. आल्या की अख्खा दिवस खातात, आणि त्या दिवसाचं बिल लावायला जीभ रेटत नाही. तरी मी त्यांना नाही म्हणत नाही. रोजच्या गाड्यांचा टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) जागेवर आणून गाडी बाहेर काढायची, पुढची आत घ्यायची, यात डोक्याला फारसं काम नसतं.

ही फोक्सवॅगन पोलो ऑगस्टात आली. पांढरी जीटी, मागची सीट काढून टाकलेली, चारही कोपऱ्यांना उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड. मालक गंगापूर रोडचा, आयटीतला पोरगा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जो ट्रॅक आहे, तिथे एक ट्रॅक-डे, म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, करून आला होता आणि पुढच्या आठवड्यात गाडी फ्लॅटबेडवर टाकून पुन्हा निघायचं होतं.

"ताई, डावीकडे वळवली की नाक बाहेर पळतं. उजवीकडे वळवली की शेपूट सुटायला बघते. आणि हा बघा प्रिंट, सगळं हिरवं आहे."

अलाइनमेंटचा तो प्रिंट दुसऱ्या दुकानातला होता, आणि हिरवं म्हणजे मापात. मी आमच्या मशीनवर पुन्हा घेतलं तरी तेच. पुढे दोन्ही बाजूंना कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकल्याचा कोन) उणे सव्वादोन अंशांच्या जवळपास, टो दोन्हीकडे सारखा. मागे बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, तिथे हलवण्यासारखं काही नसतंच, पण तोही सरळ होता. आकड्यांत खोट काढायला जागा नव्हती.

पोरगा इंटरनेटवरून एक सेटिंग उतरवून आला होता. पुढचा कॅम्बर उणे तीन करा, गाडी अजून दोन सेंटिमीटर खाली घ्या. कॅम्बरचं निदान कारण तरी आहे. पुढे स्ट्रट (चाकाला उभं धरणारा शॉकअप) असलेली गाडी वळणावर कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर निघून जातो, टायर बाहेरच्या खांद्यावर चढतो. म्हणून उभ्या गाडीत चाक वरून आत झुकवून ठेवायचं, म्हणजे कलल्यावर ते जमिनीवर सपाट बसतं. पण गाडी खाली घ्यायचा जो सोस आहे, तो मला कधी पटला नाही. पोलोसारख्या गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, आडवा असतो तोवर ठीक. गाडी इतकी खाली घेतली की आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो वजनाच्या मध्यापेक्षा भराभर खाली सरकतो, आणि दिसायला बसकी झालेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलते. वर शॉकअपला दबायला जागा उरत नाही ते वेगळंच. फोटो मात्र छान येतो.

मी त्याला म्हटलं, आकडे राहू दे, आधी टायर दाखव.

ट्रॅकवरून आलेले टायर त्याने तसेच ठेवले होते, ही त्याची सगळ्यात मोठी हुशारी. पुढचा उजवा टायर मी खाली बसून हाताने चाचपला. बाहेरचा खांदा खरवडलेला, रबराच्या बारीक गुंडाळ्या काठावर चिकटलेल्या, बाजूच्या भिंतीवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खाली टायर घासलेला. पुढचा डावा त्यामानाने बरा होता. हे उलटं होतं. तो ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतो, म्हणजे फेरीत उजवी वळणं जास्त, आणि उजव्या वळणात भार डाव्या चाकांवर. टायर खायचाच तर डावा खायला हवा होता.

आमचे चाचा वडिलांच्या काळापासून दुकानात आहेत. मशीन यायच्या आधी ते दोरी लावून ट्रकचा टो काढायचे. त्यांनी टेप घेतला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही माप घेतली. पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा आठ मिलिमीटर उंच निघाला.

"हा कुणी उचलला?" चाचांनी विचारलं.

तेव्हा पोरगा बोलला. तो बसला की उजवी बाजू दबायची, गाडी तिरकी दिसायची. म्हणून कॉइलओव्हर बसवणाऱ्याने तेवढा एकच कोपरा वेढे फिरवून वर घेतला होता. आता तो आत बसला की गाडी पुढून अगदी सरळ दिसते!

चार पायांच्या स्टुलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवा. वजन त्या पायावर तर येतंच, पण समोरच्या कर्णातल्या पायावरही येतं, आणि उरलेले दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. पुढचा उजवा उचलला की पुढचा उजवा आणि मागचा डावा जड, पुढचा डावा आणि मागचा उजवा हलका. डाव्या वळणात आधीच जड असलेल्या पुढच्या उजव्यावर सगळं येऊन पडतं, तो दमतो आणि नाक बाहेर जातं. उजव्या वळणात तीच गत मागच्या डाव्याची होते आणि शेपूट सुटते. पोरगा सांगत होता तेच, अक्षरशः. अलाइनमेंट मशीनला यातलं काही दिसत नाही, कारण त्याला कोन कळतात, वजन कळत नाही.

मग वजन करायचं कसं? रेसिंगवाल्यांकडे चार पॅडचे डिजिटल काटे असतात, आमच्याकडे नाहीत. पण माझ्या मावसभावाचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस आहे. तिथे पाचशे किलोचे प्लॅटफॉर्म काटे, एकाच कंपनीचे, एकाच उंचीचे. ऑगस्टात ते ताडपत्रीखाली झोपलेले असतात. मार्चमध्ये मागितले असते तर त्याने मला उभंसुद्धा केलं नसतं. काटे कुणाच्या हाती द्यायला तो तयार नव्हता, म्हणून स्वतःच पिकअपमध्ये घालून घेऊन आला, आणि मग दिवसभर खुर्ची टाकून बसला.

आल्या आल्या त्याने एक काम चांगलं केलं. बरोबर आणलेली कांद्याची एक गोणी चारही काट्यांवर आळीपाळीने ठेवली. काटे एकमेकांशी अर्ध्या किलोच्या आत जुळले. आम्हाला तेवढं पुरे.

खरा वेळ गेला जमिनीवर. पाणी वाहून जावं म्हणून दुकानाच्या फरशीला उतार आहे, आणि काटे पातळीत नसतील तर वजनं खोटी येतात. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी आणली. मागच्या डाव्या जागेला फरशी अकरा मिलिमीटर खाली. काट्यांखाली आधी प्लायचे तुकडे, मग सुताराकडचे सनमायकाचे तुकडे, एकेक मिलिमीटरने, नळीतलं पाणी चारही ठिकाणी एका रेषेत येईपर्यंत. चाचांना यात इतकी गोडी लागली की चहाला हाक मारली तरी उठेनात.

गाडी चढवायच्या आधी चारही टायरमध्ये हवा सारखी केली, कारण हवेतल्या फरकानेही कोपरा वर-खाली होतो. टाकी अर्धी. स्टॅबिलायझरची (गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा बार) एका बाजूची लिंक रॉड सोडवली, नाहीतर बार पिळलेला राहतो आणि आकड्यांत आपलं घुसवतो. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस. जॅकवरून खाली उतरताना चाक आडवं सरकायला बघतं. त्याला सरकू दिलं नाही तर स्प्रिंग अडकून राहते. शेवटी पोरगा हेल्मेट घालून आत. हेल्मेटची खरं तर गरज नव्हती.

पुढे डावा ३३०, उजवा ३७७. मागे डावा २२८, उजवा २०५. एकूण ११४० किलो. कर्णाने बेरीज केली तर पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून ६०५, म्हणजे ५३ टक्के. हवे होते पन्नास. मावसभाऊ खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, "एवढा माल एका बाजूला लागला तर आम्ही ट्रक परत करतो."

हुक पाना घेऊन चाचा खाली गेले. इथे लोक घाई करतात आणि एकाच कोपऱ्यावर सगळा फरक काढतात. मग वजन जुळतं, पण उंची बिघडते. आम्ही पुढचा उजवा थोडा उतरवला, मागचा डावा थोडा उतरवला, पुढचा डावा आणि मागचा उजवा किंचित चढवला. एका कोपऱ्याला पाना लावला की चारही काट्यांचे आकडे पळतात. दर वेळी गाडी दाबून हलवायची, बसू द्यायची, मग वाचायचं. डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज आणि पुढच्या-मागच्यांची बेरीज मात्र वेढे फिरवून बदलत नाही, बदलतो तो फक्त कर्ण. पोरग्याला हे पटेना. त्याला वाटत होतं आपण वजन मागे ढकलू शकतो. वजन मागे न्यायचं तर बॅटरी उचलून डिकीत ठेवावी लागते.

मध्येच त्याला ऑफिसचा कॉल आला, तो उठून बाहेर गेला आणि आकडे बिघडले. चालकाचं वजन काढून सेटिंग करण्यात काही अर्थ नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तोच तर सगळ्याचा उगम. सीटवर कांद्याची गोणी टेकवली, पायापाशी अवजारांची पेटी ठेवली, आणि तो येईपर्यंत गोणीने गाडी सांभाळली.

संध्याकाळी आकडे आले ३४७, ३६०, २११, २२२. कर्ण पन्नासच्या काठावर. पुढच्या दोन चाकांत तेरा किलोचा फरक राहिला, तो राहू दिला. चालक एका बाजूला बसणार असेल तर चारही कोपरे सारखे होऊच शकत नाहीत. त्यापेक्षा दोन्हीकडची वळणं सारखी झालेली बरी. मग लिंक रॉड लावली, तीसुद्धा गोणी सीटवर असतानाच, बारवर ताण न येता. उंची बदलली म्हणजे टो बदललाच, म्हणून पुन्हा मशीनवर. पुढे दोन्हीकडे एकेक मिलिमीटर बाहेर, कॅम्बर होता तिथेच. उणे तीनचा हट्ट त्याने सोडला, कारण त्याच्याच वहीतले टायरचे तापमान पाहिले तर आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडीच गरम होती, जशी असावी तशी. सगळ्यात गरम होता तो मधला पट्टा.

मधला पट्टा गरम म्हणजे हवा जास्त. नाशिकला पेट्रोल पंपावर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून तो गेला होता आणि ट्रॅकवर चाळीसच्या पुढे पोचला होता. त्याला समजावलं की इथली हवा तिथे धरून चालायची नाही. इथे पावसात सकाळी बावीस-चोवीस अंश, तिथे दुपारी पस्तीस. साधारण सात अंशांना एक पीएसआय चढतो. त्यात आपण सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, चेन्नई समुद्रकाठी. तिथे बाहेरच्या हवेचा दाब जास्त असल्याने गेज एक पीएसआय कमी दाखवतो. एक वाढतं, एक घटतं, आणि माणूस गोंधळतो. म्हणून हवा ट्रॅकवर पोचूनच लावायची, सावलीत, थंड टायरला, आणि दर वेळी तोच गेज. त्या तापमानाला पुढे २६ ने सुरुवात केली की आतली हवा ऐंशी अंशांना गेल्यावर बत्तीसच्या घरात येते. डाव्या टायरना एक पीएसआय कमी, कारण ते जास्त तापणार. आणि कॉम्प्रेसरची टाकी रिकामी केल्याशिवाय कुठेही हवा भरायची नाही. पावसाळ्यात आमच्या टाकीचा खालचा कॉक उघडला की तांब्याभर पाणी निघतं. ते पाणी टायरमध्ये गेलं की वाफ होऊन दाब हिशोबाबाहेर चढतो.

"एक चक्कर त्र्यंबक रोडला मारून बघू का?" त्याने विचारलं. मी साफ नाही म्हटलं. गाडीचा तोल रस्त्यावर कळण्याइतकी पळवली तर तो गुन्हा आहे, आणि तेवढी नाही पळवली तर काहीच कळत नाही. काटे परत नेताना मावसभावाने मात्र आपला पिकअप डावीकडे ओढतो, त्याचंही बघ म्हणून हक्काने मशीनवर चढवून घेतला. त्याच्या गाडीला चार कंपन्यांचे चार टायर होते.

चेन्नईहून फोन आला तो पहिलं सत्र संपल्या संपल्या. पिटमध्ये आल्या आल्या घेतलेले आकडे होते, पुढे ३३ आणि ३४. गाडी दोन्हीकडे सारखीच वागतेय, म्हणाला, फक्त दोन्ही वळणांत नाक किंचित जड वाटतं. पुढचं इंजिन, पुढचीच चाकं ओढणारी, तेवढं राहणारच. मागच्या टायरमध्ये दोन पीएसआय वाढवून बघ म्हटलं, मागचा भाग थोडा मोकळा होईल, बाकी कशाला हात लावू नको. मग तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "पण ताई, शेवटच्या फेऱ्यांना ब्रेकचं पेडल खाली खाली चाललं होतं."

ब्रेक फ्लुइड कधी बदललंय, विचारलं.

"ते बदलायचं असतं?"

जुन्या फ्लुइडने हवेतली ओल ओढलेली असते, तापलं की ते उकळतं आणि पेडलखाली नुसते बुडबुडे उरतात. म्हटलं, पुढच्या सत्राला उतरू नकोस. गाडी बाजूला लाव, पिटमध्ये कुणाकडे डॉट फोर ब्रेक फ्लुइडचा सीलबंद डबा आहे का विचार, एकाला पेडलवर बसव आणि चारही चाकांतून जुनं पार काढून टाक. मग मला फोन कर.